मालक उठून गेल्यावर

मस्कतला नोकरीला असलेला मामा १९८४च्या मे महिन्यात सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेत निळ्या-रुपेरी रंगाची एक डबी होती. नवी नव्हती, खोलीतल्या जोडीदाराकडून त्याने ती अर्ध्या किमतीत घेतली होती. कॅसेट घालायची, कानांवर तारेची कमान चढवायची आणि ऐकायचं. यात रेकॉर्डिंग होत नाही म्हटल्यावर वडिलांनी नाक मुरडलं : "मग हा टेप कसला?" पण त्या डबीला हेडफोनची पिन घालायला एक सोडून दोन भोकं होती. ताई आणि मी पलंगावर खेटून बसलो, पुलंची कॅसेट लावली, आणि दुपारच्या निजानीज झालेल्या घरात आम्ही दोघंच खो-खो हसत सुटलो. आजी उठून दारात येऊन उभी राहिली. डबीवर एक नारिंगी बटण होतं, ते ताईने दाबलं. पुलंचा आवाज खाली गेला आणि आम्हा दोघांच्या कानांत, अगदी आतून बोलल्यासारखा, आजीचा आवाज आला : "भूतबीत लागलंय का कार्ट्यांना?"

ती दोन भोकं आणि ते बटण कुठून आलं, हे मला पुढे वीस-बावीस वर्षांनी कळलं. सोनी कंपनीचे चेअरमन अकिओ मोरिता यांनी १९७९ साली वॉकमनचा नमुना घरी नेला आणि ते त्यावर गाणी ऐकत बसले. पत्नी योशिको यांना ते खटकलं. नवरा समोर बसलाय आणि आपल्याला वगळून कानात काहीतरी ऐकतोय, हे कोणत्या घरात खपेल? मोरितांनी इंजिनियरांना सांगून दुसरं भोक पाडून घेतलं. ऐकता ऐकता दोघांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मायक्रोफोनचं बटणही बसवून घेतलं.

ही गोष्ट बरेच जण सांगतात. तिचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. मोरितांचा अंदाज चुकला होता. लोकांना वॉकमन एकट्यानेच ऐकायचा होता. किंबहुना एकट्याने ऐकता येतं म्हणूनच तो हवा होता. एकट्याने ऐकणं लोकांना उद्धट वाटेल असं मोरितांना वाटलं होतं, आणि लोकांना तर त्यातच सुख होतं. पुढच्या मॉडेलांतून आधी ते बटण गेलं, मग दुसरं भोकही गेलं. ज्या माणसाला जग द्रष्टा म्हणतं, त्याला त्याच्या सर्वांत गाजलेल्या वस्तूबद्दलची ही मूळ गोष्टच दिसली नव्हती.

हे पुस्तक तिथून सुरू झालं असं म्हटलं तर चालेल. पण खरं कारण जरा लाजिरवाणं आहे.

५ ऑक्टोबर २०११ला स्टीव्ह जॉब्ज गेले. त्या आठवड्यात जगातल्या प्रत्येक वर्तमानपत्राला एकच मथळा सुचला : ॲपलचं आता काय? मीही एका पुरवणीत दीड हजार शब्द लिहिले. त्यात ठासून म्हटलं होतं की पाच वर्षांत ॲपलची रया जाईल, आणि पुरावा म्हणून सोनीचं नाव दिलं होतं. मोरिता गेले आणि सोनी संपली, तसंच इथे होणार. लेख बरा उतरला होता. ओळखीच्यांनी फोन केले. ऑगस्ट २०१८मध्ये ॲपलचं बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरच्या वर गेलं, तेव्हा एका मित्राने त्या लेखाचं कात्रण मला व्हॉट्सॲपवर पाठवलं, सोबत एकही शब्द न लिहिता. मग मी सोनीबद्दल पुन्हा वाचायला घेतलं, आणि हळूहळू ध्यानात आलं की माझी चूक दुहेरी होती. ॲपलचं भाकीत चुकलं ते चुकलंच. पण ज्याचा दाखला दिला होता ते सोनीचं प्रकरणही मला कळलेलं नव्हतं.

सोनीची जन्मकथा मराठी वाचकाला थोडीफार ठाऊक असते, म्हणून आवरून सांगतो. मासारू इबुका आणि मोरिता यांनी ७ मे १९४६ रोजी तोक्योत कंपनी काढली. भांडवल एक लाख नव्वद हजार येन, जागा निहोनबाशीतल्या शिरोकिया या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत. शहर बॉम्बहल्ल्यांनी होरपळलेलं. सुरुवातीच्या उद्योगांपैकी एक म्हणजे विजेवर भात शिजवणारं लाकडी पिंप. त्यात भात एकतर कच्चा राहायचा नाहीतर त्याचा गोळा व्हायचा. इबुका तेरा वर्षांनी मोठे आणि अस्सल इंजिनियर. मोरितांचं घराणं नागोयाच्या बाजूचं, तीनशेहून अधिक वर्षं साके गाळणारं. अकिओ हे थोरले, घराण्याचे पंधरावे वारस. हा मुलगा आम्हाला द्या, असं म्हणायला इबुका मोरितांच्या वडिलांकडे गेले होते. थोरला मुलगा मागायला जाणं म्हणजे त्या काळच्या जपानात दत्तक मागण्याइतकीच नाजूक गोष्ट. वडिलांनी मुलगा दिला, आणि पुढे वेळोवेळी पैसेही दिले.

म्हणजे वारसा, गादी, पिढी या शब्दांचं वजन मोरितांना जन्मापासून माहीत होतं. तरी स्वतःची गादी पुढे कोणाकडे आणि कशी जाणार, याचा विचार त्यांच्याकडून अर्धाच झाला. त्याची हकिकत या पुस्तकात विस्ताराने आली आहे.

मोरितांचं कर्तृत्व नेमकं कशात होतं? ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेत लागला. छोटं यंत्र करण्याची ओढ इबुकांची. वॉकमनचं मूळसुद्धा इबुकांच्याच मागणीत आहे : लांबच्या विमानप्रवासात ऐकायला हलका टेप हवा. घरच्याच इंजिनियरांनी पत्रकारांसाठी बनवलेल्या 'प्रेसमन' नावाच्या छोट्या रेकॉर्डरमधून रेकॉर्डिंगचा भाग काढला आणि स्टीरिओ बसवला. रेकॉर्ड न करणारा टेप कोण घेणार, हा आमच्या वडिलांचा प्रश्न सोनीतल्या लोकांनीही विचारला होता. मोरितांनी सांगितलं, जबाबदारी माझी. तीस हजार नग काढायचं ठरलं. १ जुलै १९७९ला वॉकमन बाजारात आला आणि त्या महिन्यात जेमतेम तीन हजार खपले. ऑगस्ट संपेपर्यंत सगळे तीस हजार संपले. पुढे कॅसेटचे वॉकमन जगभरात मिळून वीस कोटींहून जास्त विकले गेले.

यात मला रस आहे तो जुलै महिन्यात. तीन हजारांचा आकडा समोर असताना बैठकीत कोणी काय बोललं असेल, याची कल्पना कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला करता येईल. तो महिना निघाला, कारण त्या वस्तूमागे उभा असलेला माणूस असा होता की ज्याला आकडा दाखवून गप्प बसवता येत नव्हतं.

दुसरा प्रसंग त्याआधीचा, १९५५चा. मोरिता न्यूयॉर्कमध्ये ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला हिंडत होते. घड्याळांच्या बुलोव्हा कंपनीने एक लाख रेडिओंची मागणी दिली, अट एकच : वर नाव बुलोव्हाचं. त्या वेळच्या कंपनीच्या आवाक्यापेक्षा ही ऑर्डर मोठी होती. तोक्योहून तार आली, घेऊन टाका. मोरितांनी नाकारली. व्यवहाराच्या कुठल्याही पुस्तकाप्रमाणे हा वेडेपणा होता. तोक्योतल्यांना तो वेडेपणा वाटलाही असणार, पण मोरितांना परत बोलावून जाब विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

या दोन्ही गोष्टी सुखान्त आहेत. तिसरी नाही. जपानी साहित्याचे अमेरिकन अभ्यासक जॉन नेथन यांनी 'सोनी : द प्रायव्हेट लाइफ' या पुस्तकात ती सांगितली आहे. १९८९च्या उन्हाळ्यात हॉलिवुडची कोलंबिया पिक्चर्स घ्यायची की नाही यावर खल चालला होता. किंमत फार वाटत होती. नको, असं ठरलं, मोरितांनीही मान डोलावली. रात्री जेवताना ते सहज म्हणाले की वाईट वाटलं, हॉलिवुडचा एक स्टुडिओ आपल्या मालकीचा असावा असं स्वप्न होतं. झालं. विषय पुन्हा पटलावर आला आणि सोनीने कोलंबिया सुमारे ३४० कोटी डॉलरना घेतली. पाच वर्षांनी, १९९४च्या नोव्हेंबरात, त्यातले सुमारे २७० कोटी डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकावे लागले. तोवर मोरिता आजाराने जायबंदी झालेले होते.

मालकाच्या एका उसाशावर कंपनीची दिशा फिरते, तिथे बुलोव्हाला दिलेला नकार आणि कोलंबियाची खरेदी ही एकाच झाडाची फळं असतात. एक गोड निघालं म्हणून झाडाचं कौतुक करायचं आणि दुसरं आंबट निघालं म्हणून हळहळायचं, यात काही अर्थ नाही. दोन्ही वेळेला वापरला गेला तो एकच हक्क, चुकण्याचा हक्क. मोरितांनी बेटामॅक्स व्हिडिओच्या लढाईतही मार खाल्ला आणि त्यानंतरही त्यांचा शब्द चालत राहिला. पगारी अध्यक्षाला पहिल्या चुकीनंतर पत्रकार परिषद घ्यावी लागते, दुसरीनंतर निरोप समारंभ.

३० नोव्हेंबर १९९३च्या सकाळी टेनिस खेळताना मोरितांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ते बहात्तर वर्षांचे होते. जपानच्या उद्योजकांची शिखर संस्था असलेल्या केइदानरेनचं अध्यक्षपद त्यांच्याकडे जाणार अशी चिन्हं होती. जगभर भाषणं करत फिरणारा, इंग्रजी मोडकीतोडकी असूनही अमेरिकेला सुनावणारा हा माणूस नंतरची जवळपास सहा वर्षं चाकाच्या खुर्चीत होता. ३ ऑक्टोबर १९९९ला ते वारले.

माझ्या २०११च्या लेखाप्रमाणे सोनीची घसरण इथून सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात घडलं ते असं : मोरिता कोसळल्यानंतर वर्षभराने, ३ डिसेंबर १९९४ला, सोनीने प्लेस्टेशन बाजारात आणलं. त्याच्या पुढच्या आवृत्तीचे, प्लेस्टेशन २चे, पंधरा कोटींहून अधिक नग विकले गेले. संस्थापक निष्क्रिय झाल्यावर कंपनीने आपल्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या यशांपैकी एक मिळवलं. हे कसं, हा या पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचा विषय आहे, आणि मला स्वतःला तो भाग सर्वांत आवडता.

त्याचं उत्तर नोरिओ ओगा या नावात आहे. ओगा मूळचे गवई, पाश्चात्त्य ऑपेराचे शिक्षण घेतलेले बॅरिटोन. संगीताचे विद्यार्थी असताना त्यांनी या कंपनीच्या टेपरेकॉर्डरमधल्या उणिवा तोंडावर मोजून दाखवल्या. नर्तिकेला जसा आरसा लागतो तसा गाणाऱ्याला चांगला टेप लागतो, असा त्यांचा मुद्दा होता. मोरितांनी या मुलाचा पिच्छा पुरवला आणि १९५९ साली त्याला कायमचा कंपनीत ओढला. तेवीस वर्षं हाताखाली घडवून १९८२ साली अध्यक्ष केलं. आपल्याकडे गुरूच्या मागे तानपुऱ्यावर बसलेला शिष्य असतो, तसं हे होतं. गुरूच्या मागे वर्षानुवर्षं बसल्यामुळे त्याने पुढे स्वतःची वेडीवाकडी तान घेतली तरी श्रोते ऐकून घेतात.

प्लेस्टेशन ही तशी तान होती. केन कुतारागी या हेकट इंजिनियरने कंपनीला न विचारता निन्तेन्दोच्या खेळयंत्रासाठी आवाजाची चिप बनवून दिली होती. वरिष्ठ संतापले, ओगांनी त्याला पाठीशी घातलं. मग निन्तेन्दो आणि सोनी यांनी मिळून यंत्र काढायचं ठरलं आणि १९९१ साली शिकागोच्या प्रदर्शनात, सोनीने घोषणा केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, निन्तेन्दोने फिलिप्सशी घरोबा जाहीर केला. भर मांडवात नवरदेवाने दुसरीला माळ घालावी तसं. सोनीतल्या बहुतेकांना हायसं वाटलं. ही खेळणी आपलं काम नव्हे. कुतारागी मात्र ओगांसमोर जाऊन बसले आणि त्यांनी त्या अपमानाची आठवण करून दिली. ओगा भडकले, आणि त्या भरात त्यांनी होकार दिला. नंतर विरोधकांच्या तावडीतून सोडवण्यासाठी कुतारागींची टोळी मुख्य कचेरीतून उचलून संगीत विभागाच्या आसऱ्याला नेऊन बसवली.

पाठीशी घालणं, हा शब्द मला व्यवस्थापनाच्या एकाही जाड पुस्तकात सापडलेला नाही. मोरितांनी ओगांना पाठीशी घातलं, ओगांनी कुतारागींना.

गोष्ट फिरते ती १९९५ला. ओगांनी आपल्यानंतर नोबुयुकी इदेई यांना निवडलं, वरच्या चौदा जणांना ओलांडून. एकेक नाव बाद करत गेलो आणि हे उरले, अशा अर्थाचं काहीतरी ओगांनी नंतर म्हटलं, ते न म्हणते तर बरं झालं असतं. इदेई इंजिनियर नव्हते, संस्थापकांच्या हाताखाली घडलेले नव्हते. पण इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी : इदेईंना दिसत होतं. पृथ्वीवर उल्का आदळून जसे डायनोसॉर गेले तशी इंटरनेट ही उद्योगजगतावर पडलेली उल्का आहे, असं ते बोलत होते, आणि ते सुद्धा बऱ्याच कंपन्यांना ईमेलचा पत्ता नसण्याच्या काळात. संगीत, सिनेमा, यंत्रं आणि जाळं एकत्र येणार हे त्यांनी ओळखलं होतं, आणि या चारपैकी तीन गोष्टी जगात एकट्या सोनीच्या घरात होत्या. सीबीएस रेकॉर्ड्स १९८८ला घेतलेली, कोलंबिया १९८९ला, यंत्रं तर पिढीजात.

नोव्हेंबर १९९९, लास वेगास. कॉमडेक्सचं प्रदर्शन. इदेई मंचावर आले आणि त्यांनी भविष्यातला वॉकमन दाखवला : च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या मेमरी स्टिकवर गाणी साठवणारा. टाळ्या झाल्या. मग त्यांनी आणखी एक यंत्र दाखवलं. पेनासारखं लांबोळकं, व्हायो म्युझिक क्लिप नावाचं. तेही गाणीच साठवून ऐकवणारं. हे संगणक विभागाने बनवलेलं, पहिलं ध्वनी विभागाने. एकाच कंपनीची एकाच कामाची दोन यंत्रं, एकाच मंचावर, एकमेकांच्या विरोधात. ब्रिटिश पत्रकार जिलियन टेट यांनी हा प्रसंग तपशिलाने लिहिला आहे, आणि तो वाचताना मला आपल्याकडची एकत्र कुटुंबं आठवली, जिथे माजघर एक आणि चुली तीन.

दोन्ही यंत्रांचं आणखी एक दुखणं होतं. एमपी३ फाइल जशीच्या तशी त्यांत चालत नसे. गाणं आधी संगणकावर सोनीच्या स्वतःच्या ॲट्रॅक या प्रकारात बदलून घ्यायचं, आणि ते किती वेळा यंत्रात उतरवायचं यालाही मर्यादा. कारण घरातच रेकॉर्ड कंपनी बसलेली. तिला चोरीची धास्ती. संगीतवाल्यांचं ऐकलं तर यंत्रवाले मरतात, यंत्रवाल्यांचं ऐकलं तर संगीतवाले. मोरिता असते तर काय झालं असतं ते मी सांगणार नाही, तो खेळ फसवा आहे. इतकंच म्हणतो की त्या दोघांपैकी एकाला गप्प बसवण्याचा हक्क कोणाकडे तरी असायला हवा होता. इदेईंकडे खुर्ची होती, पगार होता, उल्केची उपमा होती. तो हक्क नव्हता.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने आयपॉड दाखवला. त्यातली हार्ड डिस्क तोशिबाची. सोनीच्या वॉकमनने एमपी३ सरळ वाजवायला सुरुवात केली ती २००४च्या अखेरीस.

इथून पुढचा दशकभराचा पट मी पुस्तकातही वेगाने ओलांडला आहे, कारण पडझडीच्या बातम्या एकसारख्याच असतात. एप्रिल २००३मध्ये निकाल इतके वाईट आले की दोन दिवसांत शेअर कोसळला आणि सगळा तोक्यो बाजार खाली ओढला गेला. जपानी लोक त्याला 'सोनी शॉक' म्हणतात. २००५ला हॉवर्ड स्ट्रिंगर हे वेल्समध्ये जन्मलेले, टीव्ही-पत्रकारितेतून आलेले गृहस्थ प्रमुख झाले, पहिले परदेशी. २०१२च्या मार्चअखेर संपलेल्या वर्षात तोटा सुमारे ४५,७०० कोटी येन. मग काझुओ हिराई आले; त्यांनी संगणकाचा धंदा विकला, न्यूयॉर्कची इमारत विकली आणि घडी बसवत आणली.

आता ॲपल. जॉब्ज मोरितांना फार मानत. मोरिता वारले त्याच्या दोन दिवसांनी, ५ ऑक्टोबर १९९९ला, नवे आयमॅक दाखवण्याच्या कार्यक्रमाची सुरुवात त्यांनी मोरितांना आदरांजली वाहून केली. नेमकं बारा वर्षांनी, त्याच तारखेला, ते स्वतः गेले. पण मोरितांकडून त्यांनी घेतलं त्यापेक्षा सोनीच्या चुकांकडून जास्त घेतलं असं मला वाटतं. ॲपलमध्ये विभागांच्या वेगळ्या चोपड्या नव्हत्या, नफ्यातोट्याची वही सगळ्या कंपनीची मिळून एकच. आयपॉडच्या खपाला आयफोन खाणार हे दिसत असताना २००७ साली आयफोन आला, कारण आयपॉडचा नफा 'आमचा' म्हणणारा सुभेदार तिथे नव्हता.

आणि दुसरं म्हणजे निरोपाची रीत. मोरिता एका सकाळी कोसळले. जॉब्जना जायला सात वर्षं लागली. २००४च्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे सहकारी टिम कुक यांनी कंपनी सांभाळली, २००९च्या यकृत-प्रत्यारोपणाच्या वेळी पुन्हा, २०११च्या जानेवारीपासून तिसऱ्यांदा. आजारपण क्रूर होतं, पण त्यातून आपसूक तीन रंगीत तालमी झाल्या. २४ ऑगस्टला कुक प्रमुख झाले तेव्हा पडदा उघडण्याआधीच नटाला जागा माहीत होत्या. जॉब्जनी त्यांना डिस्नेचं उदाहरण दिलं होतं : वॉल्ट डिस्ने गेल्यावर लोक वॉल्टने काय केलं असतं याचीच चर्चा करत बसले, तुम्ही तसं विचारू नका, योग्य वाटेल ते करा. मरणाऱ्याने दिलेली ही मोकळीक म्हणजे कुक यांच्या हातातलं कुलमुखत्यारपत्रच होतं.

ते त्यांनी वापरलंही. सप्टेंबर २०१२मध्ये ॲपलचे नकाशे फसले तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली, आणि आमचे सुधारेपर्यंत दुसऱ्यांचे वापरा असं ग्राहकांना लिहून सांगितलं. जॉब्ज हे कधीच न करते. पुढच्याच महिन्यात जॉब्जच्या मर्जीतले स्कॉट फोरस्टॉल जाणार हे जाहीर झालं. पुरवठा-साखळीचा जाणकार, गोदामात माल पडून राहणं म्हणजे पाप मानणारा कुक हा अबोल माणूस द्रष्टा म्हणून कधीच मिरवला नाही. एप्रिल २०२३मध्ये बीकेसीतलं दुकान उघडायला मुंबईत आला, माधुरी दीक्षितसोबत वडापाव खाल्ला, दुकानाचा दरवाजा उघडून लोकांना आत घेतलं. पण त्याच्या काळात घड्याळ आलं, एअरपॉड आले, आणि २०२०पासून मॅकमध्ये इंटेलऐवजी ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्या. मोटारीचा घाट मात्र वर्षानुवर्षं घालून २०२४ला मोडला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि सगळं पुस्तक याच खुंटीला टांगलेलं आहे. मालक जातो तेव्हा दृष्टी जात नाही. ती इदेईंकडे होती, कुतारागींकडे होती, कुठल्या तरी तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरकडे नेहमीच असते. जातो तो हक्क, बहुमताविरुद्ध एका वेड्याला पाठीशी घालण्याचा आणि चुकलो तरी पुन्हा बोलण्याचा. पहिल्या वारसाला हा हक्क संस्थापकाच्या हाताने मिळतो. ओगांना मिळाला, कुकना मिळाला. दुसऱ्या वारसाच्या डोक्यावर मात्र ज्याने हात ठेवलेला असतो, तो स्वतःच कोणाच्या तरी हाताखालचा असतो. सोनीला जे झालं ते मोरितांनंतर झालं नाही, ओगांनंतर झालं. मी २०११ला ॲपलबद्दल लिहिलं तेव्हा मी चुकीच्या खुर्चीकडे बघत होतो. कुक यांच्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्याकडे बघायला हवं.

याचा अर्थ दुसऱ्या वारसाशी गोष्ट संपते असाही नाही. सोनी संपलेली नाही. ती फक्त मोरितांच्या ओळखीची राहिली नाही. आज आमच्या सोसायटीत सोनी म्हटलं की 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आठवते. पलीकडच्या घरातल्या आजींना या नावाची कंपनी कधीकाळी रेडिओ बनवायची हे सांगितलं तर त्यांना ती थट्टा वाटते. वाईट वर्षांत घर चालवलं ते विम्याच्या धंद्याने, आणि विमा कंपनीची स्थापनाही वॉकमनच्याच वर्षी, १९७९ला, मोरितांच्याच हट्टापायी झाली होती. तेव्हा वॉकमनचं कौतुक झालं, विम्याला लोक हसले. आणि तुमच्या हातात आयफोन असेल तर त्याच्या कॅमेऱ्यातला डोळा सोनीचा असतो. डिसेंबर २०२२मध्ये कुमामोतोच्या कारखान्यात जाऊन कुक यांनीच सांगितलं की दशकाहून अधिक काळ ही भागीदारी चालू आहे.

त्या डोळ्याची कुळकथा शेवटच्या प्रकरणात आहे. कोणाला सुरुवात तिथूनच करायची असेल तर खुशाल करावी. काझुओ इवामा हे मोरितांच्या बहिणीचे यजमान, पुढे कंपनीचे अध्यक्ष. आपली खरी स्पर्धा कोडॅकच्या फिल्मशी आहे असं म्हणत त्यांनी सत्तरच्या दशकात प्रकाश टिपणाऱ्या सीसीडी चिपवर पाण्यासारखा पैसा ओतला, वर्षानुवर्षं हाती काही लागत नसताना. १९८० साली पहिल्या चिप कशाबशा विमानांतल्या कॅमेऱ्यांत बसल्या. १९८२च्या ऑगस्टमध्ये इवामा अध्यक्षपदावर असतानाच वारले. धंदा म्हणावा असं काही अजून उभं राहिलं नव्हतं. पुढे चिपचं मोठं उत्पादन सुरू झालं तेव्हा सोनीच्या लोकांनी त्यातली एक नेऊन त्यांच्या थडग्याच्या दगडावर बसवली.

जपानी नावं मी आपल्या रीतीने, आधी नाव मग आडनाव अशी लिहिली आहेत. येनचे रुपये करून दिलेले नाहीत. विनिमयाचे दर पन्नास वर्षांत इतके हलले आहेत की तसं केल्याने गोंधळच वाढला असता. मामाचा वॉकमन सध्या ताईकडे आहे. या पुस्तकासाठी तो मागितला तेव्हा तिने दिला, पण हेडफोन एकच सापडला.